आधी काठ, मग होडी: खाडीत गरवायला आणि घरची होडी घ्यायला निघालेल्यांसाठी

दिवाळी झाली की मला फोन यायला लागतात. पाऊस सरलेला असतो, खाडीचं पाणी निवळलेलं असतं, मुलांना सुट्टी असते, आणि मुंबई-पुण्याहून गावी आलेल्या कुणाला तरी वाटतं की यंदा घरची होडी घ्यावी. 'कुठली घेऊ?' असा प्रश्न असतो. माझं उत्तर ठरलेलं आहे: या वर्षी घेऊ नका. एक हंगाम काठावरून गरवा, म्हणजे गरीने (गळाने) मासे धरा. पाणी कधी चढतं, कुठून वळतं, कुठे खडक आहे, कुठे चिखल-वाळूची भाटी उघडी पडते, हे पायांनी शिका. होडी पुढच्या वर्षी.

मी राहतो ती शास्त्री नदीची खाडी. जयगडला ती समुद्राला मिळते. इथलं जे मला येतं ते शेजारच्या नानांनी शिकवलेलं. त्यांचं आयुष्य याच पाण्यावर गेलं. पहिल्या दिवशी मी गरी टाकायला हात उचलला तर ते म्हणाले, "थांब. पाणी कुठं चाललंय ते सांग आधी." मला सांगता आलं नाही. मग त्यांनी एक काटकी पाण्यात टाकली आणि मला ती बघत बसायला लावलं. तुम्हीही सुरुवात इथूनच करा.

भरती-सुकतीचं गणित

खाडीत घड्याळापेक्षा तिथी महत्त्वाची. जुना हिशोब सोपा आहे: चालू तिथीची पाऊणपट करा, पूर्ण भरतीची वेळ येते. आज षष्ठी असेल तर सहाची पाऊणपट साडेचार, म्हणजे साडेचारच्या सुमारास पाणी पूर्ण भरलेलं. तिथून सव्वासहा तासांनी पूर्ण सुकती, म्हणजे ओहोटी. दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटं जातात, म्हणून भरती रोज पाऊण तास ते पन्नास मिनिटं पुढे सरकते. हा हिशोब मुंबई-रायगडला बराचसा बरोबर बसतो. रत्नागिरी, मालवण, गोवा असं खाली जाल तशी भरती त्याहून थोडी आधी येते. तुमच्या धक्क्यावर किती आधी येते हे आठ दिवस वहीत वेळ टिपली की कळतं. छापील भरतीचं कोष्टक वापरा, पण तेही बंदराच्या तोंडाचं असतं. खाडीत आत पाच-सात किलोमीटर गेलात की पाणी उशिरा पोचतं.

पुनव-अवसेच्या आसपास उधाण असतं. पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं, ओढ जबर असते. अष्टमीच्या आसपास भांग असतो, पाणी मंद असतं. नवशिक्याने, आणि मुलाबाळांना घेऊन जाणाऱ्याने तर नक्कीच, भांगाचे दिवस निवडावेत.

आणखी एक गोष्ट मनात पक्की बसवा. पाणी सहा तास सारख्या वेगाने उतरत नाही. एकूण उताराचे बारा भाग धरले तर पहिल्या तासात एक भाग जातो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक. म्हणजे मधल्या दोन तासांत निम्मं पाणी निघून जातं.

हे मी वाचलेलं होतं, तरी फसलो. पौर्णिमेनंतरची द्वितीया होती. दुपारी साडेबाराला भरती पूर्ण झाली, आणि मी बायको व सहा वर्षांच्या मुलीला घेऊन कांदळवनातल्या एका अरुंद फाट्यात शिरलो. मासा लागत होता. तीन वाजता पाणी कमी वाटलं, पण 'अजून अर्धा तास' म्हणून थांबलो. साडेतीनला होडीचा तळ चिखलाला टेकला. ढकलायला उतरलो तर मांडीपर्यंत रुतलो. मग हिशोब केला: निम्मी ओहोटी झाल्यावर अडकलो, म्हणजे निम्मी भरती होईपर्यंत सुटका नाही. रात्री पावणेदहाला होडी उचलली गेली. तोवर डास, काळोख, संपलेलं पाणी आणि रडून झोपलेली मुलगी. जीवाला धोका नव्हता, पण तिला पुन्हा होडीत बसवायला मला वर्ष लागलं. म्हणून माझा नियम असा आहे: अरुंद फाट्यात फक्त चढत्या पाण्यावर शिरायचं आणि भरती पूर्ण व्हायच्या आधी बाहेर यायचं.

काठावरचा पहिला हंगाम: गरी, तंगूस, आमिष

सुरुवातीला महागडा रॉड-रील लागत नाही. पन्नास मीटर तंगूस (नायलॉनचा दोरा) लाकडाच्या तुकड्यावर किंवा बाटलीवर गुंडाळून हाताने गरवणं हीच खरी शाळा. मासा बोटाला कळतो. शिंगाळा झटके देत ओढतो, बोय नुसतं चाखते, तांबोशी एकदाच गच्च घेऊन खडकाकडे पळते. हे बोटांना ओळखीचं झालं की मग सहा-सात फुटी रॉड आणि मध्यम रील घ्या.

जोडणी साधी ठेवा. मुख्य तंगुसात भोकाचं शिसं ओवा, त्याखाली फिरकी (दोऱ्याला पीळ पडू न देणारी फिरती कडी) बांधा, फिरकीला दीड-दोन फूट जाड तंगूस, आणि त्याच्या टोकाला गरी. शिसं मोकळं सरकतं, त्यामुळे माशाला आमिष उचलताना वजन लागत नाही. ओढ जास्त असेल तर शिसं वाढवा. आमिष तळाशी टिकलं पाहिजे, वाहत सुटता कामा नये.

गाठ मात्र घरी बसून पन्नास वेळा बांधा. तंगुसाचं टोक गरीच्या कडीतून चार बोटं बाहेर काढा. ते टोक मुख्य तंगुसाभोवती पाच वेढे द्या. आता कडीजवळ जे छोटं भोक राहिलं आहे त्यातून टोक परत काढा, आणि त्यामुळे जो मोठा फास तयार झाला त्यातूनही एकदा घ्या. मग थांबा, गाठ पाण्यात बुडवून ओली करा, आणि हळूहळू ओढा. वेढे एकाला एक लागून, गुंडाळलेल्या तारेसारखे बसले पाहिजेत. एकावर एक चढले असतील तर कापून पुन्हा बांधा. कोरडी गाठ ओढली की घर्षणाने तंगूस भाजतो आणि मोठा मासा नेमका तिथेच तोडून जातो.

आमिष म्हणजे कोळंबी, शक्यतो जिवंत. शेपटीच्या शेवटच्या पेरातून गरी घातली की ती बराच वेळ हलत राहते. नाहीतर ताज्या बोयचा तुकडा. शिळं, बर्फातलं, पांढरं पडलेलं आमिष शिंगाळ्याशिवाय कुणी घेत नाही.

गरी कुठे टाकायची याचं उत्तर पुन्हा पाण्यातच आहे. ओहोटीला कांदळवनातलं पाणी छोट्या पऱ्यांतून खाडीत उतरतं आणि त्याबरोबर बारीक मासळी, कोळंबी वाहून येते. त्या पऱ्याच्या तोंडाशी जिताडा दबा धरून असतो. (सिंधुदुर्गात आणि गोव्यात त्याला चोणक म्हणतात.) खडकाळ कडेला, जुन्या धक्क्याच्या खांबांपाशी तांबोशी आणि गोबरा. वाळूच्या उथळ पट्ट्यावर मुडदुशी. भरती सुरू झाल्यावरचे पहिले दोन तास आणि ओहोटीचा शेवट, हे माझे आवडते वेळ. पाणी पूर्ण थांबलेलं असताना चहा प्या.

जिताड्याबद्दल एक सांगायचं आहे. हा मासा आयुष्याची सुरुवात नर म्हणून करतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो. म्हणजे फोटोसाठी आपण जो सगळ्यात मोठा उचलून धरतो, ती बहुधा अंड्यांची मादी असते. मी हातभर लांबीच्या आतला आणि फार मोठा, असे दोन्ही सोडतो, मधला घरी आणतो. सोडायचा मासा ओल्या हाताने धरा, कल्ल्यात बोट घालू नका, आणि पाण्यात तोंड ओढीच्या समोर धरून तो स्वतः निसटेपर्यंत आधार द्या. पहिल्या पावसात चढणीचे मासे ओढ्यात शिरतात तेव्हा तर गरी घरीच ठेवा. ते अंडी घालायला निघालेले असतात.

काट्यांचं भान ठेवा. शिंगाळ्याच्या पाठीवरचा आणि दोन्ही बाजूंचा काटा विषारी, पाकटाच्या शेपटीतला त्याहून वाईट. असे मासे हाताने न धरता पकडीने गरी काढा. काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात तो भाग अर्धा-पाऊण तास बुडवून ठेवा, कळ उतरते, आणि मग डॉक्टर गाठा. केंड मासा, तोच फुगणारा, गरीला लागला तर सोडून द्या. त्याचं विष शिजवून जात नाही. आणि वाशिष्ठीच्या खाडीत गरवत असाल तर तिथे मगरी आहेत. पाण्याच्या अगदी कडेला बसणं, पाय सोडणं, कडेला मासे साफ करणं हे तिथे करू नका.

होडी निवडताना

वर्ष झालं, खाडी ओळखीची झाली, कुणा जाणत्याबरोबर त्याच्या होडीतून दहा-बारा फेऱ्या झाल्या. आता होडी बघा.

चौघांच्या कुटुंबाला खाडीसाठी चौदा ते सोळा फुटी फायबरची होडी पुरते. किती माणसं बसतील याचा ढोबळ हिशोब असा: लांबी गुणिले रुंदी फुटांत, भागिले पंधरा. चौदा फूट लांब आणि पाच फूट रुंद होडीचं उत्तर साडेचारच्या वर येतं, म्हणजे चार माणसं, पाच नव्हेत. पाहुणे आले म्हणून सहावा बसवायचा नाही, त्यांना दोन फेऱ्यांत न्या. तळ सपाटसर असलेली होडी उथळ पाण्यात चालते आणि कमी डोलते. लाटांत ती आपटते, पण आपल्याला लाटांत जायचंच नाही.

जुनी होडी घेत असाल तर मागच्या फळीवर, जिथे मशीन लागतं तिथे, बोटाच्या पेराने ठोकत जा. टणक आवाज आला पाहिजे. कुठे बद्द आवाज आला तर आतलं लाकूड कुजलेलं आहे, सोडून द्या. आणि सौदा व्हायच्या आधी एक परीक्षा घ्या: गुडघाभर पाण्यात होडी नेऊन ती काठोकाठ भरा. बाकांखालच्या बंद कप्प्यांत फोम किंवा हवा नीट असेल तर भरलेली होडीसुद्धा तरंगत राहते. विकणाऱ्याला हे आवडत नाही. तरी आग्रह धरा, कारण होडी उलटली किंवा भरली तर तिला धरून राहायचं, पोहत काठाकडे निघायचं नाही, हा नियम तरंगणाऱ्या होडीलाच लागू पडतो.

मशीन

पहिले काही महिने मशीनच लावू नका, वल्ह्यांवर फिरा, असं मी म्हणेन. ओढीच्या विरुद्ध अर्धा तास वल्हवलं की पाण्याबद्दल आदर येतो. नंतर आठ ते दहा हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड या आकाराला पुरेसं आहे. घेण्याआधी मागच्या फळीची उंची मोजा: पंधरा इंच असेल तर शॉर्ट शाफ्ट (शाफ्ट म्हणजे मशीनचा पाण्यात जाणारा दांडा), वीस असेल तर लॉंग. चुकीचा शाफ्ट घेतला तर पंखा एकतर हवा खातो नाहीतर चिखल उकरतो.

टू-स्ट्रोक मशीनला पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावं लागतं. बऱ्याच मशीनना पन्नासाला एक, म्हणजे दहा लिटर पेट्रोलला दोनशे मिलिलिटर. मशीनच्या पुस्तकात वेगळं असेल तर पुस्तकाचं ऐका. पेट्रोलचे तीन भाग करा: एक जायला, एक यायला, एक हात न लावण्याचा.

चालू केल्यावर पहिली नजर मागे टाका. मशीनच्या बाजूने पाण्याची बारीक धार पडली पाहिजे. धार नसेल तर थंड करणारं पाणी फिरत नाही, लगेच बंद करा. बहुतेक वेळा प्लॅस्टिकची पिशवी किंवा चिखल अडकलेला असतो. आणि मशीन बंद करणारी ती लाल दोरी मनगटाला किंवा जॅकेटला अडकवल्याशिवाय गियर टाकायचा नाही. चालवणारा पाण्यात पडला तर दोरी सुटते आणि मशीन थांबतं. ती नसेल तर रिकामी होडी गोल फिरून त्याच्याच अंगावर येते.

कागदपत्रं आणि कायदा

मशीन लावण्याआधी महाराष्ट्र मेरीटाइम बोर्डाच्या जवळच्या बंदर कार्यालयात जाऊन नोंदणीचं विचारा, आणि मासेमारीच्या परवान्याबद्दल मत्स्यव्यवसाय विभागाच्या कार्यालयात. राज्याचा सागरी मासेमारी नियमन कायदा १९८१ चा, २०२१ मध्ये त्यात मोठे बदल झाले. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारीची बंदी असते. ती यांत्रिक नौकांना लागू आहे, आणि आपली हौशी होडी छोटी म्हणून सुटली असं समजू नका. राज्याने २०२३ मध्ये ५४ जातींसाठी पकडण्याची किमान लांबीही ठरवली आहे. सुरमईला ३७० मिलिमीटर, घोळीला ७०० मिलिमीटर. मालवणला जाणार असाल तर सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचं पाणी १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, तिथे गरी टाकण्याआधी हद्द विचारा.

कागदावर नसलेला एक कायदा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. खाडीत ज्यांचं पोट आहे त्यांच्या जाळ्यांपासून लांब राहा. जाळ्याच्या तरंगत्या बोयांची रांग दिसली की तिच्या टोकाला वळसा घाला, मधून जाऊ नका. पंख्यात जाळं आलंच तर पळ काढू नका. मालकाला शोधा आणि नुकसान भरून द्या. आपली हौस असते, त्याचा हंगाम असतो. पकडलेला मासा विकूही नका.

होडीत काय हवं

प्रत्येकाला लाइफ जॅकेट, अंगात घातलेलं. बाकाखाली ठेवलेलं जॅकेट नसल्यासारखंच. मुलांचं वजनाप्रमाणे घ्या, 'पुढच्या वर्षी बसेल' म्हणून मोठं नको. मी पहिल्यांदा शहरातल्या एका दुकानातून स्वस्तात आणलं. खाडीच्या उथळ पाण्यात मुलीला घालून बघितलं तर जॅकेट वर आणि ती खाली, पार नाकापर्यंत. मांड्यांमधून जाणारा पट्टाच नव्हता. जॅकेट घातलं की मुलाला दोन्ही खांद्यांच्या पट्ट्यांना धरून वर उचला. हनुवटी आत गेली तर ते निकामी आहे.

दुसरी गोष्ट नांगर. दोरी पाण्याच्या खोलीच्या पाच ते सात पट हवी. तीन मीटर पाण्यात वीस मीटर दोरी सोडा, मग नांगर आडवा ओढला जाऊन चिखलात बसतो. दोरी नेहमी पुढच्या टोकाला, नाळेला बांधायची. मागून नांगर टाकला की ओढीचं पाणी मागच्या बुटक्या फळीवरून आत येतं आणि होडी मिनिटांत भरते. हे विसरू नका, शांत खाडीतही असंच होतं.

बाकी: दोन वल्ही, बांबूची लांब काठी, पाणी उपसायला तळ कापलेला कॅन, शिट्टी, टॉर्च, पकड, सुरी, माणशी दोन लिटर पिण्याचं पाणी, टोप्या, बर्फाची पेटी. फोन दोन प्लॅस्टिक पिशव्यांत. त्यात तटरक्षक दलाचा १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३ आधीच साठवून ठेवा. छत्री नको, वाऱ्यात ती शीड होते.

पहिली फेरी

भांगाचा दिवस, उजाडताना. सकाळी जमिनीवरून मतलई वारा असतो, पाणी काचेसारखं. अकरा-बारानंतर खारा वारा सुरू होतो, आणि फेब्रुवारीपासून पुढे तर तो चांगलाच उठतो. वारा एकीकडून आणि ओहोटीची ओढ दुसरीकडून आली की सपाट खाडीतही टोकदार लाटा उभ्या राहतात. म्हणून दहाला परत फिरायचं, मासा लागत असला तरी. पहिल्या हंगामात खाडीच्या तोंडाकडे, जिथे समुद्राची लाट आत येते, तिकडे जाऊच नका. ओहोटीला तिथे लाटा फुटतात आणि छोट्या होडीला वळायला जागा राहत नाही.

निघण्यापूर्वी होडीच्या तळाचं बूच हाताने चाचपून बघा. मुलांना मध्ये बसवा, वजन दोन्ही बाजूंना सारखं. कुणी उभं राहायचं नाही. मासा लागला तर सगळे एका बाजूला धावतात, तेव्हा आधीच ठरवा: ज्याच्या गरीला मासा तो आणि जाळी धरणारा एक, बाकी जागेवर. पहिली निम्मी वाट ओढीच्या विरुद्ध जा. म्हणजे दमलात किंवा मशीन बंद पडलं तर पाणीच घरी आणून सोडेल.

दोन-अडीच तास पुरे. लहान मुलांना तेवढंही खूप होतं. मुलगी कंटाळली की मी गरी गुंडाळतो आणि तिला वल्हं देतो.

परत आल्यावर मशीन गोड्या पाण्यावर दहा मिनिटं चालवा, मीठ आत राहिलं तर एका हंगामात जाम होतं. तंगूस आणि रील धुवून सावलीत वाळवा, गऱ्या पुसून ठेवा, बूच काढून होडी तिरकी करा. निघताना घरी कुणाला तरी सांगून गेला असाल की कुठल्या फाट्याकडे चाललोय आणि किती वाजता परतणार, नाना मला तसं सांगितल्याशिवाय दोरी सोडू देत नसत. मासे साफ करायला बसण्याआधी त्या माणसाला आठवणीने फोन करा: आलो.